सुपडाबाईंचं आजारपण

७ एप्रिल, सोमवार

आज आम्हा सिस्टरांचा ताण घालवला. म्हणजे हॉस्पिटलनं ठरवलं की घालवायचा, म्हणून वरच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडून नाशिकच्या एका बाईंना बोलावलं होतं. बाई गोड बोलत होत्या. डोळे मिटा म्हणाल्या, स्वतःला मिठी मारा म्हणाल्या. डोळे मिटल्याबरोबर माझ्या शेजारची मोनाली झोपली आणि चक्क घोरायला लागली. मी चिमटा काढला तर म्हणते कशी, "ताई, आत्ता कुठे ताण जायला लागला होता, तुम्ही परत आणला."

शेवटी बाई म्हणाल्या, रोज थोडं लिहा, स्वतःशी खरं बोला. घरी औषध कंपनीची डायरी तांदळाच्या डब्यावर पडली होती, ती पुसून घेतली. आता खरं म्हणजे काय बोलायचं? मी मोहिनी माळी. जळगावातल्या एका खासगी हॉस्पिटलात बायकांच्या वॉर्डची इन्चार्ज सिस्टर. हे धुळ्याला नोकरीला, आठवड्याच्या सुट्टीपुरते येतात. लेक पुण्याला शिकते. आजवर आजारपणाची एकही रजा घेतलेली नाही, हे मी छाती काढून सांगते आणि पोरी तोंड वळवून हसतात. हसू देत. वॉर्ड चालतो तो माझ्यासारखीच्या जिवावर.

झालं स्वतःशी बोलून. कुकर लावायचाय.

१० एप्रिल, गुरुवार

काय ते ऊन! वॉर्डातल्या लोखंडी पलंगाला हात लावला तरी चटका बसतो. दिवसभर बायकांना एकच सांगत फिरले, पाणी प्या गं, पाणी प्या. दुपारी मोनालीनं आपली बाटली माझ्यापुढे धरली. "ताई, सकाळपासून तुम्ही घोटभरसुद्धा घेतलेलं नाही."

घेऊन करू काय? पाणी प्यायलं की जावं लागतं. आमच्या मजल्यावर स्टाफचा संडास आहे, पण त्यात दिवाळीपासून सलाईनची खोकी रचून ठेवलीत. दोन दिवसांसाठी म्हणून ठेवली ती तिथेच नांदायला लागली. म्हणजे जिने उतरून खाली ओपीडीत जायचं, तिथे पेशंटांची रांग, तोवर इकडे वॉर्डात बेल वाजत राहते. त्यापेक्षा कोरडं राहिलेलं बरं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ते आम्हा नर्सांवरूनच पडलं असावं.

मोनाली मात्र हट्टानं पाणी पिते आणि हट्टानं जिने उतरते. आजकालच्या पोरींना कामापेक्षा जिवाची काळजी फार.

संध्याकाळी उन्हाळी लागल्यासारखं झालं. लघवीला जळजळ होते. धने-जिऱ्याचं पाणी करून प्यायले. होईल बरं.

१३ एप्रिल, रविवार

हे आले होते. उजव्या बाजूला पाठीत धरलंय, बहुतेक परवा खिडकीजवळच्या आजींना उचलून बसवलं तेव्हा उसण भरली. ह्यांनी बाम चोळून दिला. चोळता चोळता म्हणाले, "अंग गरम लागतंय गं तुझं." मी म्हटलं, बाम गरमच असतो. चोळत राहिले. भला माणूस आहे, लवकर पटतं.

उन्हाळी अजून आहे. सब्जा भिजवून ठेवलाय.

१६ एप्रिल, बुधवार

चव्वेचाळीस अंशांचं ऊन आणि मला हुडहुडी भरली! औषधांची ट्रॉली धरून उभी राहिले, तर ट्रॉलीवरच्या बाटल्याच किणकिण वाजायला लागल्या. एक पेशंट म्हणाली, "सिस्टर, भूकंप होतोय का हो?" मी म्हटलं, चाक ढिलं झालंय.

लघवी तपासायला हवी, एवढं मलाही कळतं. पण माझ्या नावानं लॅबमध्ये कशी द्यायची? लॅबवाल्या अभिमनच्या तोंडात तीळ भिजत नाही. चहाच्या वेळेपर्यंत सगळ्या हॉस्पिटलात, मोहिनी सिस्टर आजारी. मागे मोनालीनं तापाची सुट्टी मागितली तेव्हा मीच ऐकवलं होतं, सिस्टरला ताप येत नसतो, सिस्टर ताप उतरवते. आता कोणत्या तोंडानं आजारी पडू?

मग युक्ती सुचली. बाटलीवर आईचं नाव घातलं. सुपडाबाई महाजन, वय एकाहत्तर. अभिमनला सांगितलं, आईला बरं नाही, धरणगावहून लघवी मागवून घेतलीय, तपासून दे. आई खरं तर ठणठणीत. भाऊ सुरतेला असतो, ती एकटी राहते आणि अजून पऱ्हाटीची, कापसाच्या काड्यांची मोळी डोक्यावरून आणते. माफ कर बाई. जन्म दिलास, आता थोडं नाव दे.

१७ एप्रिल, गुरुवार

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. रिपोर्ट माझ्या हातात द्यायचा सोडून अभिमननं तो थेट डॉ. चेलना मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवला. वर म्हणतो, "सिस्टर, पू फार होता हो, मला राहवलं नाही."

चेलना मॅडम म्हणजे आमच्या वॉर्डच्या मोठ्या डॉक्टर. मारवाडी घरातल्या, कमी बोलतात, पण बघतात फार. मला आत बोलावून दार लोटून घेतलं.

"या सुपडाबाई कोण, सिस्टर?"

"माझी आई."

"एकाहत्तर?"

"हो."

मॅडम माझ्याकडे बघतच राहिल्या. चोराच्या मनात चांदणं, मी आपली टेबलावरच्या पेनांकडे बघत होते.

"ताप येतो त्यांना?"

"येतो. थंडी वाजून. असा की दातावर दात आपटतात."

"पाठीत, उजवीकडे?"

"वाकलं की अशी कळ येते ना मॅडम, डोळ्यांपुढे काजवे चमकतात."

"कोणाच्या?"

"आईच्या. आईच्याच."

"पाणी पितात?"

"वेळ कुठे मिळतो वॉर्डा... वावरात. वावरात वेळ मिळत नाही तिला. आणि प्यायलं की जावं लागतं, म्हणून मग दाबून धरते."

"घरी संडास नाही?"

"आहे, पण त्यात खोकी ठेवलीत."

मॅडमचं पेन थांबलं. "खोकी? कसली?"

"असतात शेतकऱ्याच्या घरी," मी म्हटलं. "बियाण्यांची वगैरे."

मॅडमनी चष्मा काढून पुसला. मग हळू बोलायला लागल्या. "सिस्टर, तुम्ही जाणत्या आहात म्हणून स्पष्ट सांगते. हे उन्हाळीचं दुखणं राहिलेलं नाही, इन्फेक्शन किडनीपर्यंत चढलंय. आत्ता नीट उपचार झाले नाहीत तर किडनी जाईल. रक्तात उतरलं तर आई जातील. त्यांना ॲडमिट करा."

"ती नाही व्हायची मॅडम. फार हट्टी आहे."

"हो," मॅडम म्हणाल्या, "दिसतंय."

गोळ्या लिहून दिल्या, कल्चर लावलं. हे जंतू कोणत्या औषधाला मरतात ते चार-सहा दिवसांत कळेल. आई जातील, असं त्या म्हणाल्या तेव्हा मला खरंच आईचं वाईट वाटलं.

१९ एप्रिल, शनिवार

अभिमननं त्याचं काम चोख केलंय. सगळ्या हॉस्पिटलला माझी आई आजारी. कॅन्टीनवाल्या काकांनी नारळपाणी पाठवलं, "तुम्ही घ्या सिस्टर, आजाऱ्याचं करणाऱ्याला ताकद लागते." रात्रपाळीच्या पोरींनी माझी जादाची ड्युटी वाटून घेतली. मोनाली दर थोड्या वेळानं समोर येऊन उभी राहते, हातात बाटली. "आईंची काळजी करून तुमचं तोंड सुकलंय ताई. प्या." मी पिते. नाही म्हटलं तर जात नाही ती. मग मला जिन्यापर्यंत सोडते आणि म्हणते, वॉर्ड मी बघते, तुम्ही सावकाश या.

दुपारी नशीब जोरावर होतं. मॅडमनी खालच्या खोलीत बोलावलं. म्हणाल्या, सोनोग्राफीचं मशीन दुरुस्त होऊन आलंय, चित्र नीट येतं का बघायचंय, जरा झोपता का? म्हटलं, आयतंच बघून होतंय. उजव्या बाजूला दाबलं तशी मी "आई गं" म्हणून ओरडले आणि मग सावरलं, गुदगुल्या होतात मला.

मॅडम बराच वेळ पडद्याकडे बघत होत्या. "उजवी किडनी सुजलीय. पण खडा नाही, पू साठलेला नाही."

"मशीन अजून बिघडलेलंच असेल."

"असेल," त्या म्हणाल्या. "आईंचंही असंच असणार. रक्ताची नाती, सिस्टर. वेळेत आहोत म्हणून सांगा त्यांना."

मॅडम एवढ्या शिकलेल्या, पण भोळ्याच आहेत. मला जरा लाजच वाटली.

२२ एप्रिल, मंगळवार

गोळ्यांनी ताप उतरतो आणि पुन्हा चढतो. पण आज त्याहून मोठं संकट आलं. संध्याकाळी आईचा फोन. आई कधी फोन करत नाही, मिस्ड कॉल देते.

"मोहना, तुनी एक पोर उनती. मोनाली नावनी. केळं लई उनती, मोसंबी लई उनती."

म्हणजे मोनाली केळी-मोसंबी घेऊन थेट आईला बघायला गेली होती! मोनालीचं माहेर एरंडोलचं, तिथून धरणगाव हाकेच्या अंतरावर. काल तिची सुट्टी होती, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

"मग तू काय म्हणालीस?"

"माले म्हने, आजी, आते कसं वाटस? मी दखं तिनाकडे. समजनं माले, मन्ही पोर काहीतरी बोलेल शे. मंग मी खाटवर आडी पडनी नि कन्हू लागनी."

"आई!"

"चांगली कन्हनी मी. त्या पोरना डोयाले पानी उनं." आई जरा खूश वाटली. मग म्हणाली, "आते सांग. माले काय व्हयेल शे?"

काय सांगणार? थोडं सांगितलं. ताप, थंडी, पाठ, पाणी न पिणं.

"हाई दुखनं कोनं शे?" आईनं विचारलं.

"आहे गं एका पेशंटचं."

"त्या पेशंटले माय शे का?"

"आहे."

"मंग तिले सांग. आखाजीले माहेर ये म्हना."

आणि तिनं फोन ठेवला. आखाजीला म्हणजे अक्षय तृतीयेला. आमच्या खानदेशात सासरी गेलेल्या लेकी आखाजीला माहेरी येतात, झोके बांधतात, आमरस खातात, लोळतात, कोणी त्यांना काम सांगत नाही. मी शेवटची कधी गेले ते आठवेना. दरवर्षी पोरींना सुट्टी देते आणि त्यांच्या वाट्याच्या ड्युट्या मीच करते. फोन ठेवला आणि उगाच कांदा चिरायला घेतला, म्हणजे डोळ्यांना कारण मिळालं.

२४ एप्रिल, गुरुवार

कल्चर आलं. सध्याच्या गोळ्यांना हे जंतू दाद देत नाहीत. इंजेक्शन हवं, शिरेतून, रोज एक. मॅडम म्हणाल्या, "आता काय करायचं, सिस्टर?"

"मी जाते धरणगावला. मीच देते तिला."

"तुम्ही स्वतः देणार?"

"म्हणजे काय! मॅडम, माझा हात पाहिलाय ना तुम्ही? न दिसणारी शीर मला सापडते."

"दुसऱ्याची," मॅडम म्हणाल्या. त्यांनी इंजेक्शनं दिली, नव्या गोळ्या दिल्या आणि बजावलं, "तीन दिवसांत ताप गेला नाही, तर मी आईंचं काही ऐकून घेणार नाही. गाडी पाठवून उचलून आणीन."

रजेचा अर्ज केला, आईच्या आजारपणासाठी. मान वर न करता सही झाली. एवढं सोपं असतं होय? मोनाली म्हणाली, "आईला सोडून येऊ नका हं ताई. पूर्ण बरी होऊ द्या तिला." फार जीव लावते पोरगी, आणि तेही एकदाच पाहिलेल्या म्हातारीला.

२६ एप्रिल, शनिवार. धरणगाव

ह्यांनीच मोटारसायकलवर सोडलं. वाटेत तीनदा गाडी थांबवली आणि तीनही वेळा रसवंतीपाशी. म्हणाले, "मला तहान लागलीय, तूही घे." पोचलो तर आई अंगणात उकिडवी बसून धान्य पाखडत होती. हे तिच्या पाया पडले आणि माझ्याकडे बघत म्हणाले, "आई, जपा आता. तुम्हाला काही झालं तर आमचं कसं होईल?" आईनं सूप खाली ठेवलं. "मी जपस जावईबुवा. तुम्हीन काळजी करू नका." हे गेले तेव्हा मागे वळून वळून बघत होते.

दुपारी आई शेजारी गेलेली बघून इंजेक्शन घ्यायला बसले. उजव्या हातानं डाव्या हाताला पट्टा बांधायचा, दातांनी ओढायचा, सुई धरायची. पहिल्यांदा शीर फुटली. दुसऱ्यांदा सरकली. डाव्या कोपरापाशी जांभळं झालंय. शेवटी पदर ओढून घेतला आणि सगळं डब्यात टाकलं. मला कोणाचीही शीर सापडते. काय तोंड घेऊन लिहू हे?

गोळ्या आहेत. त्यांनीच भागेल.

२८ एप्रिल, सोमवार

आईनं मला लहान करून टाकलंय. तांब्या आणते, "पी" म्हणते. प्यायले की उभी करते, "जाय" म्हणते. मी आत गेले की दाराबाहेर बसून राहते, हातात तूर निवडायला घेऊन. मी आतून म्हणते, "आई, मी काय लहान आहे का?" बाहेरून उत्तर येतं, "बोलू नको, काम कर." काल कळण्याची, ज्वारी-उडदाची भाकरी कुस्करून भरवली. डोक्याला तेल घातलं. तेल घालता घालता माझे केस एका बाजूला करून बराच वेळ बघत होती. "कितल्या पिकनी वं तू," म्हणाली. पिकले हे तिला दिसलं, मला आरशात दिसलं नव्हतं.

मी झोपते. फक्त झोपते. दुपारी डोळा लागला तो दिवेलागणीला आईनं कपाळावर हात ठेवला तेव्हा उघडला. उठले ती धडपडतच, मला वाटलं बेल वाजतेय.

मोनालीचा फोन आला होता. नवल सांगत होती. चेलना मॅडमनी काल स्वतः उभं राहून आमच्या मजल्यावरच्या संडासातली सगळी खोकी बाहेर काढायला लावली, आत दिवा लावला, कडी बसवून घेतली. आणि रोज दुपारी प्रत्येकीनं आळीपाळीनं वॉर्ड सोडून बसायचं, पाणी प्यायचं, डबा खायचा, अशी ताकीद दिली. मी म्हटलं, "मॅडमना अचानक काय सुचलं?"

"काय माहीत ताई," मोनाली म्हणाली. "आईंचं इंजेक्शन चालू आहे ना?"

"चालू आहे."

तिनं लगेच फोन ठेवला. खोटं बोलताना माझा आवाज बारीक होतो, असं हे म्हणतात. होतो का?

रात्री पुन्हा हुडहुडी. आईनं दोन गोधड्या घातल्या आणि वर स्वतः येऊन पडली.

२९ एप्रिल, मंगळवार

आज लिहायला बसवत नाही. ताप आहे. सकाळी मी झोपलेय असं समजून आई अंगणात फोनवर कोणाशी तरी बोलत होती. "मन्ही पोर माले सांगस नही, माय. तूच ये." कोणाला म्हणाली कोण जाणे. मला भीती वाटतेय. लेकीचं पहिलं वर्ष आठवतं सारखं, तिचे पाय एवढे एवढे होते. पेशंटांना मी म्हणते, काही होत नाही हो. स्वतःला म्हणून पाहिलं, पटत नाही.

३० एप्रिल, बुधवार. आखाजी

काल भीती वाटते लिहिलं, आज दिवस कसा गेला ते लिहिते. हात अजून हलका नाही, पण लिहिते.

सकाळी आईनं घागर मांडली. आखाजीला घरातल्या वारलेल्या माणसांच्या नावानं घागर भरतात, आमची आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या नावाची. मातीची नवी घागर, वर खरबूज, शेजारी सांजोऱ्या. आईनं माठातून पहिला तांब्या भरला. मला वाटलं घागरीत ओततेय. तर तो माझ्या तोंडाला लावला.

"आबांचं आहे ना ते?"

"पहिले तू पी. तुना बापले नंतर देसू. तो काही म्हनाव नही."

प्यायले. बाहेर निंबाला झोका बांधलेला, गल्लीतल्या माहेरवाशिणी गाणी म्हणत होत्या. एकीचा आवाज पार घोगरा, तरी सगळ्यांत मोठ्यानं तीच.

आई पुरण वाटायला बसली आणि दारात मोनाली उभी! खांद्याला पिशवी, हातात बर्फाचा छोटा डबा, घामानं थबथबलेली. तिला बघितलं मात्र, आईनं पुरणाच्या हातांनीच खाट गाठली आणि आडवी होऊन कण्हायला लागली.

"तू इथे कशी? आज सुट्टी कुणी दिली तुला?" मी विचारलं. आखाजीच्या सुट्टीवरून आमच्याकडे दरवर्षी भांडणं होतात.

"मॅडमनी."

"मॅडमना काय सांगितलंस?"

"आईंना इंजेक्शन द्यायला जाते म्हटलं. लगेच हो म्हणाल्या. गाडीही दिली, बाहेर उभी आहे."

बघा. त्या भोळ्या बाईला माझ्यापायी अजून एक खोटं ऐकावं लागलं. मी मोनालीला बजावलं, आपल्यातलं काही मॅडमच्या कानावर जाऊ द्यायचं नाही. ती म्हणाली, "छे, त्यांना कशाला कळेल?"

मोरीवर जाऊन तिनं हात धुतले, नीट, कोपरापर्यंत. औषध भरलं, हवा काढली. "आजी, कशा आहात?" म्हणत खाटेपाशी गेली, आईच्या कपाळावर हात ठेवला आणि तशीच पुढे येऊन माझ्यासमोर पाटावर बसली. माझा डावा हात ओढून घेतला. पदर वर सारला. जांभळं बघितलं आणि ओठ घट्ट मिटले. मग उजवा हात घेतला आणि पट्टा बांधला.

झाकली मूठ तिनं कधीच उघडलेली होती, मीच एकटी ती घट्ट धरून बसले होते.

"नाव सांगा," मोनाली म्हणाली.

"काय?"

"पेशंटचं नाव."

इंजेक्शनच्या आधी पेशंटला त्याच्याच तोंडून नाव सांगायला लावायचं, ही आमची रीत. चुकीच्या माणसाला औषध जाऊ नये म्हणून. नव्या पोरींना पहिल्या दिवशी मी हेच शिकवते.

"मोनाली, चेष्टा नको करूस."

"चेष्टा नाही ताई. नावाशिवाय मी देत नाही. तुम्हीच शिकवलंय."

मी खाटेकडे बघितलं. "सुप..." एवढंच निघालं तोंडातून.

"मनं नाव नको सांगू वं," आई खाटेवरून म्हणाली. कण्हणं थांबलेलं. "मी चांगली शे."

मोनाली सुई धरून बसली होती. घाई नाही, काही नाही. बाहेरचं गाणं संपलं आणि दुसरं सुरू झालं.

"मोहिनी," मी म्हटलं.

"पूर्ण नाव."

"मोहिनी हितेंद्र माळी."

"काय होतंय तुम्हाला?"

हे मी दिवसातून कितीदा विचारते. याला उत्तर देणं एवढं जड जातं हे मला माहीत नव्हतं. "ताप येतो," म्हटलं. "पाठ दुखते, फार दुखते. आणि मी दमलेय गं मोनाली. खूप दमलेय."

"कधीपासून?" तिनं विचारलं. रीतीप्रमाणेच विचारलं तिनं, हा प्रश्न नेहमी त्यानंतरच येतो. पण मी तोंड उघडलं आणि शब्दाच्या जागी हुंदकाच आला. दुसरा आला. मग थांबेचनात. मोनालीचे डोळेही भरले, तरी तिनं माझा हात हलू दिला नाही.

आई उठली. येऊन माझ्या मागे बसली, माझं डोकं आपल्या छातीशी घेतलं. तिच्या हातांचं पुरण माझ्या केसांना लागलं.

"ती नंतर सांगी, माय," ती मोनालीला म्हणाली. "तू पहिले सुई दे."